खाऱ्या विहिरी आणि वाफेचे पाणी

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलो की गांधीग्रामला पूर्णेचा पूल लागतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी याच ठिकाणाहून हजारो कावडधारी पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला निघतात. नदीच्या पाण्याला हा मान, आणि तिच्याच खोऱ्यातल्या विहिरींचे पाणी मात्र जनावरही तोंड लावून सोडून देते. या विसंगतीची सवय वऱ्हाडी माणसाला इतकी झाली आहे की तो तिच्याबद्दल बोलतसुद्धा नाही. पाहुण्याला चहा देताना तेवढे सांगतो, "पानी गोळं हाय बरं, टँकरचं हाय."

सातपुड्याच्या, म्हणजे आपल्याकडे गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्यापासून दक्षिणेला पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला हा खारपाणपट्टा. अमरावती जिल्ह्यातले दर्यापूर, भातकुली, अंजनगाव. अकोल्यातले अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर. बुलढाण्यातले शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा. काही तालुके पुरते यात आहेत, काहींचा तुकडाच. आठशे-नऊशे गावे सहज भरतील. पूर्णा बैतूल जिल्ह्यात भैसदेहीजवळ उगम पावते आणि चांगदेवला तापीला मिळते. डोंगर आणि पठार यांच्यामधल्या खचलेल्या खळग्यात तिने गाळ भरला, आणि तो शेकडो फूट जाड आहे. खाली काळा पाषाण, वर हा गाळ, आणि गाळात अडकलेले क्षार. समुद्र इथून शेकडो मैल दूर असला तरी विहीर खणली की जणू त्याचाच वानोळा हाती येतो.

या पट्ट्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण शेतीबद्दल लिहितात, आणि ते बरोबरच आहे. खाऱ्या पाण्याने ओलीत केले तर काळी जमीन चिबडते, म्हणून विहीर असूनही शेतकरी कोरडवाहूच राहतो. माझा विषय त्यापेक्षा लहान आहे. खाऱ्या पाण्यातून मीठ आणि पाणी वेगळे करण्याचे जे प्रकार आपल्या भागात झाले, त्यांची ही हकिकत. त्यात एक प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. तो पुढे येईलच.

पहिला प्रकार सर्वांना माहीत असायला हवा, पण तो आहे असे मला वाटत नाही. एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांपुढे अडचण उभी राहिली. कायदा मोडायचा तर मीठ हवे, आणि समुद्र तर नाही. उत्तर पायाखालीच होते. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. पूर्णेच्या खोऱ्यात अशा विहिरींचे पाणी आटवून मीठ काढण्याचा धंदा पूर्वी चालत असे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि मिठावरच्या कराच्या राजवटीत हा धंदा बंद पडला. अल्फ्रेड लायलने १८७० साली वऱ्हाडचे पहिले गॅझेटिअर काढले, तेव्हा या खाऱ्या विहिरी सरकारी लेखी चांगल्याच ठाऊक होत्या. म्हणजे १९३० साली दहिहांड्याला जे झाले ते गावाने एक विसरलेले काम पुन्हा करून दाखवण्यासारखे होते. विहिरीचे पाणी काढायचे, कढईत ओतायचे, खाली जाळ घालायचा आणि तळाशी पांढरे काही उरेपर्यंत थांबायचे.

हे मीठ खायला कसे असेल, याचा अंदाज मी करून पाहिला आहे. पट्ट्यातल्या एका गावाहून पाच लिटर पाणी आणून आटवले. तळाशी उरला तो राखाडी पापुद्रा, एका चमच्यात मावेल एवढा. जीभ लावली तर खारट, पण मागून कडवट आणि सोड्यासारखी चव. त्यात साध्या मिठाबरोबर सोडियमचे आणि मॅग्नेशियमचे इतर क्षारही असतात. दहिहांड्याच्या विहिरी यापेक्षा पुष्कळ जास्त खाऱ्या असणार, नाहीतर तिथे धंदा चालला नसता. तरीही वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह फार ताणता येण्यासारखा नव्हता, हे पुढाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले असावे. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. आपल्याकडे मिठापेक्षा गवत आणि लाकूड हा रोजचा जाच होता. लाकडाचा हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

दहिहांड्याच्या कढईतून मीठ उरले, तसे दुसरेही काही निघाले होते. वाफ. ती सगळी उडून गेली. ती वाफ एखाद्या थंड झाकणाला लावून धरली असती तर त्या खाऱ्या विहिरीतून पट्ट्यातले सर्वांत गोड पाणी मिळाले असते. त्याला आज आपण डिस्टिल्ड वॉटर म्हणतो; जुन्या शाळेच्या पुस्तकांत ऊर्ध्वपातित पाणी. सत्याग्रहींना ते नको होते, त्यांचा हेतू वेगळा. पण त्याआधी शतकानुशतके पट्ट्यातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन गोड्या पाण्यासाठी कोसभर चालत होत्या, त्यांच्यापैकी कुणाला हे सुचले नसेल काय? हाच तो प्रश्न.

न सुचायला कारण नाही, कारण वाफ धरण्याची विद्या परकी नव्हती. वाग्भटाच्या नावावर असलेल्या रसरत्नसमुच्चयात पाऱ्यासाठी पातनयंत्रांची वर्णने आहेत. वाफ वर नेणारे, खाली नेणारे, आणि नळीने तिरपे दुसऱ्या भांड्यात नेणारे, असे प्रकार त्यात येतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढून ही यंत्रे सुशिक्षितांपुढे आणली. वैद्यांच्या घरी ओव्याचा अर्क निघत असे. आणि पोथ्या-वैद्य सोडा, उत्तरेला मेळघाटात जा. मोहाची भट्टी म्हणजे दुसरे काय आहे? चुलीवर आंबवलेल्या मोहाचे मडके, त्यावर दुसरे, सर्वांत वर थंड पाण्याचे भांडे, सांधे मातीने लिंपलेले. वरच्या भांड्याच्या बुडाला वाफ लागते, थेंब होतो आणि आतल्या वाटीत पडतो. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे. पूर्णेच्या काठापासून गाविलगडचा डोंगर उघड्या डोळ्यांना दिसतो. डोंगरावर वाफ धरणारे आणि मैदानात मीठ आटवणारे एकमेकांना आठवडी बाजारात भेटत होते. तरी हे दोन हात एकत्र आले नाहीत.

याचे कारण मी आधी आबकारीत शोधले. नळी लावलेले मडके घरात सापडले की त्यात काय उकळत होते हे नंतर, आधी पंचनामा. ही भीती खरीच होती आणि अजून आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका तांबटाकडे झाकणाला नळी बसवून मागितली, तेव्हा त्याने हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, मोहाचं का पान्याचं?" पाण्याचे म्हटल्यावर तो हसला. त्याचा विश्वास बसला नाही. नळी मात्र बसवून दिली.

पण आबकारी हे पुरेसे कारण नाही. इंग्रजांच्या आधीही कुणी हे केल्याचे दिसत नाही. खरे कारण हिशेबात आहे, आणि तो कुणीही मांडू शकतो. तीस अंशांवरचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते. तेच उकळते पाणी पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७. म्हणजे उकळणे ही स्वस्त गोष्ट आहे, वाफ करणे ही तिच्या सातआठपट महाग. लाकडाच्या किलोत १५ हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता असते, पण तीन दगडांच्या चुलीत तिच्यातला आठवा-दहावा हिस्साच भांड्याला लागतो. तेव्हा लिटरभर वाफेला दीड किलोच्या आसपास लाकूड झाले. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला रोज वीस लिटर धरा. तीस किलो सरपण! पट्ट्याच्या उघड्या काळ्या रानात झाड शोधावे लागते. इथले जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या, आणि त्याही भाकरीपुरत्या पुरवाव्या लागत. त्या बाईने कोसभर चालून हंडा आणला, तो अडाणीपणाने नव्हे. तिचा हिशेब बरोबर होता. मोहाच्या दारूला गिऱ्हाईक होते म्हणून तिला लाकूड परवडले, पाण्याला ते परवडणारे नव्हते.

वाफेचे पाणी वऱ्हाडात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले ते कापसाच्या मागून, आणि तेही कुणी मुद्दाम केले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, खामगाव, अकोला, अमरावतीला वाफेवरचे जिन आणि प्रेस उभे राहिले. बॉयलरला खारे पाणी चालत नाही. आत खपली धरते, पाणी फेसाळते, पत्रा खातो. म्हणून बॉयलर गोड्या पाण्याला हावरा असतो, आणि वाफ थंड होऊन परत आलेले पाणी त्याला सर्वांत प्रिय. हीच गोष्ट आगगाडीच्या इंजिनाची. मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतला गाडी मँचेस्टरला १९२१ साली बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावली. तिचा रस्ता दर्यापूरजवळच्या बनोसावरून, म्हणजे खारपाणातूनच जातो. ज्या मुलखात माणसाला गोडे पाणी नव्हते तिथे यंत्रासाठी ते आधी शोधले गेले, असे मी म्हटले तर ते टीका म्हणून घेऊ नये. यंत्र खारे पाणी पिऊन तक्रार न करता बंद पडते, माणूस तक्रार करत चालत राहतो.

घरात हे पाणी शिरले ते आणखी पुढे, बॅटरीच्या रूपाने. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या बॅटऱ्या होत्याच, पण २००५ च्या सुमारास भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र दिवसदिवस अंधारात बसू लागला आणि घरोघरी इन्व्हर्टर आले. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या बॅटरीत भार भरताना थोडे पाणी फुटून हायड्रोजन आणि प्राणवायू होऊन उडते. दोन-तीन महिन्यांनी ते भरून काढावे लागते, आणि ते शुद्धच हवे. पाण्यातला क्लोराइड शिशाच्या पट्ट्या खातो, लोखंडाने बॅटरी बसल्याजागी उतरते. यासाठी भारतीय मानक १०६९ आहे, पण ते दुकानात कुणी विचारत नाही. माझ्या घरची पहिली बॅटरी सव्वा वर्षात गेली. डबा डिस्टिल्ड वॉटरचा होता. उरलेले पाणी बशीत घालून उन्हात ठेवले तर पांढरे कडे उमटले. ते बोअरचे पाणी आरओमधून काढून भरलेले असणार. आरओने क्षार कमी होतात, संपत नाहीत. पिण्याला ते चालते, बॅटरीला नाही. त्या बशीतल्या कड्यामुळे मी या विषयात पडलो.

घरी हे पाणी करायची कृती आता बहुतेक घरांतल्या भांड्यांतच जमते. मोठे स्टीलचे पातेले अर्धे भरायचे, आत तिवईवर स्टीलची वाटी ठेवायची, झाकण उलटे घालायचे म्हणजे मूठ वाटीवर येते, आणि झाकणात बर्फ किंवा थंड पाणी. मंद आच. खळखळा उकळू दिले तर खारे शिंतोडे वाटीत पडतात आणि सगळे श्रम वाया जातात. पहिली अर्धी वाटी टाकून द्यायची, कारण पाण्यातले उडून जाणारे पदार्थ आधी येतात. पितळ-तांबे नको, डाख दिलेले भांडे तर नकोच; म्हणजे त्या तांबटाची नळी माझ्या उपयोगाची नव्हती, हे मला नंतर कळले. गॅसचा हिशेब पुन्हा तोच. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून कागदावर दीडशे लिटर पाणी निघेल. माझ्या पातेल्यातून, वाफ निसटते ती धरता, त्याच्या निम्मेही निघत नाही. बॅटरीच्या दोन लिटरांना हे ठीक आहे. पिण्यासाठी हा मार्ग दहिहांड्याच्या कढईइतकाच महाग.

मग उन्हाकडे वळावे लागते, आणि ऊन तर अकोल्याला फुकट वाटण्याइतके. आजच्या चिलीतल्या अटाकामा वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली कार्लोस विल्सन नावाच्या अभियंत्याने खारे पाणी उन्हावर गोडे करण्याचा कारखाना काढला. खाणीचे पाणी समुद्राहून खारे, आणि सोरा वाहणाऱ्या खेचरांना प्यायला काही नाही. त्याने लाकडी वाफे केले, वर उतरत्या काचा टाकल्या. साडेचार हजार चौरस मीटर काचेतून दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक पाणी मिळे, आणि हे कित्येक दशके चालले. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने हेच काम हाती घेतले. १९७८ साली भावनगरजवळच्या अवानिया गावात दिवसाला पाच हजार लिटर क्षमतेचे सौर ऊर्ध्वपातन केंद्र गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बसवले. मीठ आणि गोडे पाणी यांचा अभ्यास एकाच संस्थेत व्हावा हे मला फार समर्पक वाटते. खारपाणपट्ट्यात तसे केंद्र उभे राहिले असते तर त्याला दहिहांडा ही जागा मी सुचवली असती.

मी गच्चीवर एक चौरस मीटरची पेटी केली. सिमेंटचे उथळ कुंड, आत काळा रंग, वर काच, खालच्या कडेला पन्हळ. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, पाच-सहा लिटर मिळेल असे मला वाटले होते. मिळाले तीन लिटरांच्या आतच. चूक माझी होती. हवा तापली म्हणून पाणी जास्त निघत नाही. काच थंड राहायला हवी, आणि आपल्या उन्हाळ्यात काचही भाजून निघते. धूळ हा दुसरा वैरी. वैशाखातली वावटळ एकदा येऊन गेली की काच पुसेपर्यंत पेटी निजते. वर्षाची सरासरी धरून, पावसाळ्याचे झाकोळलेले दिवस वगळून, एका चौरस मीटरला सातशे-साडेसातशे लिटर.

हा आकडा लिहिताना मी थबकलो. अकोल्याला पाऊस वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे माझ्या काचेच्या पेटीने वर्षभर उन्हात राबून जेवढे पाणी दिले, तेवढेच आभाळ त्याच एक चौरस मीटरवर काहीही न मागता टाकते. पाऊस हेही ऊर्ध्वपातितच पाणी आहे. कढई समुद्राची, जाळ सूर्याचा, झाकण सातपुड्यावरच्या ढगांचे.

सुश्रुताला हे ठाऊक होते. सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात पाण्याचा विचार येतो तो आभाळातल्या पाण्यापासून. स्वच्छ पांढरे कापड पसरून त्याच्या टोकावरून गळणारे, किंवा वाड्याच्या धाब्यावरून उतरलेले पाणी सोन्या-चांदीच्या किंवा मातीच्या भांड्यात धरावे, असे तो सांगतो. त्याची परीक्षाही देतो. शिजलेल्या साळीच्या भाताचा गोळा चांदीच्या भांड्यात घालून मुहूर्तभर पावसात ठेवायचा. रंग बदलला नाही, चिकटला नाही तर ते गांग पाणी, नाहीतर सामुद्र. सामुद्र पाणी पिऊ नये, अपवाद आश्विनाचा. शब्द पाहा. पावसातसुद्धा खारा-गोडा भेद त्याने कल्पिला आहे.

दर्यापूर तालुक्यातल्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितले की त्यांच्या सासूबाई मृगाचा पहिला पाऊस वाहू देत आणि नंतर अंगणात धुतलेले लुगडे चार खुंट्यांना बांधून मध्ये दगड ठेवत, खाली रांजण. ते पाणी बाळंतिणीला आणि डाळ शिजवायला. त्यांनी सुश्रुताचे नावही ऐकलेले नव्हते. दगड कशाला, असे मी विचारले. "नाहीतर पानी मधात येईन कसं?" त्या म्हणाल्या. मीही तसा बावळटच प्रश्न विचारला होता.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे की वाफेचे पाणी पट्ट्यात वापरात होतेच; ते चुलीवर होत नव्हते इतकेच. कमी पडले ते साठवण्यात. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावरून चांगल्या वर्षी चौदा-पंधरा हजार लिटर पाणी उतरते. रांजणात दोनशे मावत नाही. टाके बांधायला पैसा लागतो, आणि मातीच्या धाब्याची घरे पत्र्याची झाली ती अलीकडे. त्यात सरकारी धोरणाचा ओढा नळाकडे. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडे चौऱ्यांशी खेड्यांची योजना झाली, काटेपूर्णेवरून खांबोऱ्याची चौसष्ट खेड्यांची, शहानूरवरून अंजनगाव-दर्यापूरकडे पाणी गेले. या योजना नसत्या तर पट्टा ओस पडला असता, हे मान्यच केले पाहिजे. पण नळ पंधरा-वीस दिवसांनी येतो, जलवाहिनी फुटते, आणि तेव्हा माणसे पुन्हा विहिरीवर किंवा हातपंपावर जातात. पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी आहेत. खाऱ्या पाण्याचा त्यात वाटा किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की ज्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे त्या घरात पाण्याची गोष्ट निघाली की सगळे एकदम गप्प होतात.

गावोगाव आता आरओची केंद्रे आहेत. नाणे टाका, कॅन भरा. त्यातून टाकून दिलेले दुप्पट खारे पाणी गटारातून पुन्हा त्याच गाळात मुरते.

यंदाच्या पावसाळ्यात मी सासूबाईंची पद्धत करून पाहिली. धुतलेले पांढरे धोतर, मध्ये दगड, खाली स्टीलचा डबा. पहिला पाऊस सोडून दिला. तीन बाटल्या भरल्या: पट्ट्यातल्या विहिरीची, गच्चीवरच्या पेटीची आणि धोतराची. क्षार मोजण्याच्या खिशातल्या मीटरवर विहिरीचा आकडा दोन हजारांपुढे गेला. पेटीचा अकरा आला, धोतराचा चौदा. पिण्यासाठी दोन्ही पाण्यांना चव नाही, माठात रात्रभर ठेवल्यावर बरी लागतात. बॅटरीत पेटीचे घातले. धोतराच्या पाण्यात डाळ शिजवली.